‘आवाज येतच नाही की, सर’: वॉरंटीतल्या गाडीच्या चाकाचा आवाज कसा पकडायचा

आमच्या गाडीचा आवाज आधी बायकोला ऐकू आला. बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीहून जांबोटीकडे येत होतो, रेडिओ चालू होता, आणि ती म्हणाली, “पिठाची गिरणी चालू असल्यागत काय वाजतंय ओ?” रेडिओ बंद केला. खरंच, लांब कुठेतरी गिरणी चालू असावी तशी घूंऽघूं. वेग कमी केला की खाली यायची, वाढवला की चढायची. गाडी चौदा महिन्यांची, मीटरवर सतरा हजार. पावसाळा नुकताच सरलेला, आणि त्या पावसात चोर्ल्याच्या रस्त्याने आमच्या गोव्याला चार खेपा झालेल्या.

त्यानंतर सात आठवड्यांत तीनदा सर्व्हिस सेंटर गाठलं. पहिल्या दोन वेळा उत्तर एकच, “आवाज येतच नाही की, सर.” तिसऱ्या वेळी उजव्या पुढच्या चाकाचं हब बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, वॉरंटीत बदलून मिळालं. गाडी तीच, आवाज तोच, काउंटरवरचा पोरगाही तोच. पण तिसऱ्या वेळी मी आवाजाची कृती घेऊन गेलो होतो. कुठल्या रस्त्यावर, किती वेगाला, कुठल्या वळणावर तो हमखास येतो, हे मला पाठ होतं. वॉरंटीत आवाज आधी दुसऱ्याच्या कानाला ऐकवावा लागतो आणि मग कागदावर उतरवून घ्यावा लागतो. खाली लिहिलंय ते या दोन कामांसाठी.

आधी ठरवा: गाडी हलवायची की नाही

काही आवाजांना कृती-बिती करत बसायचं नसतं. नुकतंच चाक काढलं असेल, म्हणजे पंक्चर काढलं किंवा स्टेपनी लावली, आणि त्यानंतर कमी वेगाला टक-टक किंवा ढक-ढक येऊ लागलं, स्टिअरिंग थरथरलं, तर गाडी लगेच बाजूला घ्या आणि चाकाचे नट बघा. सैल नट हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात घातक दोष. पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, एका बाजूने गोल फिरत नाही. किती जोराने आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, त्यामुळे गावात पोचल्यावर टॉर्क पान्याने तपासून घ्या. चाक काढल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट पुन्हा बघायची सवय लावून घेतलेली बरी.

ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर, एकाच चाकातून जळका वास, एकच रिम हात जवळ नेला तरी भाजेल इतकी तापलेली, टायरच्या बाजूला फुगवटा, किंवा घरघरीबरोबर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, यांपैकी काहीही असेल तर गाडी चालवत सर्व्हिस सेंटरला नेऊ नका. कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीचा नंबर काचेवर किंवा पुस्तिकेत असतो. तो कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, कारण चोर्ला घाटात मोबाइलला रेंज असेलच याचा भरवसा नाही.

यातलं काही नसेल तर घाई नाही. सुरुवातीची घूं बेअरिंगची असली तरी ते बहुधा एका दिवसात निकामी होत नाही. तरी ती महिनोन्‌महिने अंगावर काढू नका.

आवाजाला नाव द्या

सर्व्हिस सेंटरमध्ये “कसला तरी आवाज येतोय” असं म्हटलं की अर्धी केस तिथेच हरली. मराठीत आवाजांना शब्दांचा तोटा नाही, ते वापरा. प्रत्येक शब्द गाडीच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो.

घूं किंवा गुणगुण, वेगाबरोबर चढणारी, इंजिन कितीही फिरलं तरी त्याच्याशी संबंध नसलेली. इथे दोनच मुख्य संशयित, टायर आणि बेअरिंग. ओळख अशी. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल तर टायर. स्मार्ट सिटी योजनेत बेळगावात जे सिमेंटचे रस्ते झाले त्यांवर चांगले टायरही गुणगुणतात. तिथे ऐकू आलं आणि गुळगुळीत डांबरावर गेल्यावर गेलं, तर घरी जाऊन स्वस्थ झोपा. रस्ता कुठलाही असो, आवाज तोच, आणि वळणावर मात्र कमी-जास्त होतो, तर बेअरिंग. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर येतं. म्हणून डाव्या वळणावर आवाज वाढला तर बहुतेक वेळा दोष उजव्या बाजूला, आणि उजव्या वळणावर वाढला तर डाव्या बाजूला. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द वगळू नका, याला अपवाद असतात.

टक-टक-टक, वेगाबरोबर जलद होणारी. टायरच्या खाचेत खडा, बाहेर आलेला खिळा, प्लॅस्टिकची सैल व्हील कॅप, नाहीतर वर सांगितलेले नट. ही टकटक चाकाचीच आहे का, ते मोजून कळतं. १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातो. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे चाकाचे जवळजवळ तीन फेरे. दहा सेकंदांत अठ्ठावीस-एकोणतीस टक मोजले गेले, तर चाकाच्या फेऱ्याला एक टक पडतोय. तुमच्या टायरचं माप वेगळं असेल तर हिशेब थोडा हलेल, पण इंजिनाशी घोटाळा होणार नाही. इंजिन नुसतं उभं चालू असलं तरी सेकंदाला बारा-तेरा फेरे मारतं.

कट-कट-कट, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना. हा ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या सांध्याचा आवाज, ज्याला मेस्त्री सीव्ही जॉइंट म्हणतात. त्याचं रबरी बूट फाटलं की ग्रीस उडून जातं आणि चिखल आत शिरतो. वॉरंटीत बूट फाटलेलं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. उशीर केलात तर फाटलं कशाने यावरच वाद रंगतो.

किर्रर्र किंवा किंचाळी, बारीक, पत्र्याची. ब्रेक डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कवच असतं. कच्च्या रस्त्यावर बारका खडा तिथे अडकतो आणि असा ओरडतो की माणसाला गाडी विकावीशी वाटते. मोकळ्या जागेत थोडं मागे-पुढे केलं की पुष्कळदा पडून जातो. नाही पडला तर सर्व्हिस सेंटरमध्ये पाच मिनिटांचं काम. ब्रेक पॅड संपत आले की त्यांवरची पत्र्याची जीभही अशीच किंचाळते.

खसखस, सकाळी पहिल्यांदा निघताना. रात्रभर पावसात गाडी उभी राहिली की डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. तीन-चारदा ब्रेक मारला की जातो. हा दोष नव्हे, यासाठी कुणाशी भांडू नका. पावसाळ्यात मागचे ड्रम ब्रेक हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस उभे ठेवले की लाइनिंग चिकटतं आणि निघताना ‘कट्’ होतं. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून, चाकाखाली दगड लावून उभी करा, प्रश्न संपला.

खडखड फक्त खड्ड्यावर येत असेल तर ती चाकाची नसतेच, ती सस्पेन्शनची, म्हणजे धक्के झेलणाऱ्या भागांची. लिंक रॉड, बुश, स्ट्रटचं माउंटिंग. काउंटरवर ती ‘चाकाचा आवाज’ म्हणून सांगू नका, ते चाकच शोधत बसतील.

आवाजाची कृती लिहून काढा

एक रिकामा तास काढा आणि गाडीत दुसरं माणूस घ्या. ज्याच्या कानाला आधी ऐकू आलं तेच न्या. आमच्याकडे अर्थातच बायको. एसीचा पंखा बंद, काचा बंद, रेडिओ बंद, डिकीतले डबे, छत्री, जॅकचा पिशवीभर पसारा घरी ठेवा. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर जेवढी लिहिलीय तेवढीच असू दे.

रस्ता निवडताना खड्डे नसलेला निवडा. बेळगावकरांना राष्ट्रीय महामार्ग ४८ सोयीचा, हिरेबागेवाडीच्या दिशेने सरळ पट्टा मिळतो आणि उलट बाजूला संकेश्वराकडे जाताना वंटमुरीच्या घाटात लांब वळणं मिळतात. निपाणीकडच्यांना तवंदीचा घाट आहेच. तिथे चाळीस, साठ, ऐंशी या तीन वेगांना प्रत्येकी मिनिटभर गाडी स्थिर चालवा. मग ऐंशीला, मागे-पुढे कुणी नाही बघून, क्लच दाबा किंवा अॅक्सिलरेटर सोडा. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. इंजिन शांत झालं तरी घूं तशीच राहिली तर इंजिन सुटलं, चाकांकडे या. हलका ब्रेक दाबून बघा, आवाज बदलला का? लांब डाव्या वळणावर काय होतं, उजव्या वळणावर काय होतं? दुसऱ्या माणसाने मागच्या सीटवर बसून एकदा ऐकावं, पुढे बसून एकदा. आवाज पुढचा की मागचा हे चालवणाऱ्याला नीट कळत नाही.

कमी वेगाच्या टकटकीसाठी एक जुनी युक्ती. बेळगावच्या कॅम्पातल्या एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने काचा उघड्या ठेवून वीसच्या वेगाने जा. भिंत आवाज परत फेकते आणि कुठली बाजू वाजते ते स्पष्ट कळतं. मग परत फिरून दुसरी बाजू भिंतीकडे.

रेकॉर्डिंग शेजारच्या माणसाने करायचं, चालवणाऱ्याने नाही. मोबाइलचा व्हिडिओ स्पीडोमीटरवर धरायचा आणि तोंडाने बोलत राहायचं, “साठ, सरळ रस्ता. आता डावं वळण. आता क्लच दाबला.” मोबाइलला खालची घूं नीट पकडता येत नाही, त्यामुळे हा व्हिडिओ पुरावा म्हणून दुबळाच. पण काउंटरवर समोरच्याला रोड टेस्टला उठवायला तो पुरतो.

आमच्या कागदावर शेवटी एवढंच उरलं: ‘पन्नासच्या वर सुरू, सत्तरला सगळ्यात मोठा. पुढून. डाव्या वळणावर वाढतो. उजव्या वळणावर जवळजवळ जातो. क्लचने फरक नाही, ब्रेकने फरक नाही.’ पाच तुटक वाक्यं, पण सात आठवड्यांत मी केलेलं सगळ्यात कामाचं काम तेच.

घरी काय बघायचं, कशाला हात लावायचा नाही

बघायला हरकत कसलीच नाही. टायरच्या खाचा बोटाने चाचपा, खडे काढा. तळहात टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टायर वाकडा झिजतोय आणि घूं त्याचीच असू शकते. मग प्रश्न अलाइनमेंटचा, म्हणजे चाकं सरळ आहेत का याचा. व्हील कॅप असेल तर काढून डिकीत टाका आणि एक फेरी मारा, टकटक गेली तर सुटलात.

आपल्या भागातली दोन खास कारणं सर्व्हिस सेंटरच्या यादीत नसतात. एक, खानापूरकडची तांबडी माती. ओल्या चिखलातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला ती थापली जाते, वाळून दगड होते, आणि चाकाचं बॅलन्स बिघडून ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं. पाण्याचा फवारा रिमच्या आतून मारा. दुसरं, सुगीत रस्त्यावर मळणीसाठी पसरलेलं काड. सोयाबीन म्हणा, हुलगा म्हणा, त्यावरून गाडी गेली की ते शाफ्टभोवती आणि चाकाच्या आत दोरीसारखं गुंडाळलं जातं आणि खसखस-फटफट सुरू होते. याला हसू नका, गरम भागावर सुकं काड म्हणजे आगीला आवतण. अशा रस्त्यावरून आल्यावर थांबून वाकून बघा. गाडी गार झाल्यावरच हात घाला.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी हा वेगळाच विषय. २०१९ च्या ऑगस्टात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट महामार्गावर आलं होतं. निपाणी-चिकोडीकडच्या लहान पुलांवर तर पाणी चढायला तेवढा मोठा पूरही लागत नाही. चाकं बुडतील इतक्या पाण्यातून गाडी काढली तर सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये शिरू शकतं आणि घूं काही आठवड्यांनी सुरू होते. तोवर आपण पाणी विसरलेले असतो.

आता हात कशाला लावायचा नाही ते. ओळखीच्या मेस्त्रीकडे हब उघडायचा नाही, तो कितीही हुशार असला तरी. पंक्चर बाहेर काढल्याने वॉरंटी जात नाही. हब किंवा शाफ्ट बाहेर उघडला तर मात्र कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं. “ग्रीस मारून देतो” असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा, आजच्या बहुतेक गाड्यांची हब बेअरिंगं सीलबंद असतात, त्यांत ग्रीस भरायला जागाच नसते. आणि ब्रेकची किंचाळी बंद करायला डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारायचा नाही. आवाज बंद होईल, ब्रेकही होईल.

जॅकवर चाक उचलून हलवून बघण्याचा प्रयोग इंटरनेटवर सगळे दाखवतात. वरून-खालून धरून चाक डुललं तर बेअरिंगचा संशय, डावी-उजवीकडून धरून डुललं तर स्टिअरिंगच्या सांध्यांचा. खरं आहे. पण वॉरंटीतल्या गाडीत बेअरिंग डुलायच्या कितीतरी आधी गुणगुणतं, म्हणून चाक डुललं नाही यावरून काही सिद्ध होत नाही. हे काम लिफ्टवर त्यांनाच करू द्या.

पुस्तिका वाचा, निदान चार पानं

वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर अशी दोन्हीत असते, आणि जे आधी पुरं होईल तिथे ती संपते. रोज बेळगाव-निपाणी करणाऱ्याची किलोमीटरवर आधी संपते हे लक्षात ठेवा. त्यात काय येत नाही ते जास्त महत्त्वाचं. ब्रेक पॅड, लायनर, वायपर, फिल्टर, बल्ब हे झिजणारे भाग सहसा बाहेर. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या बनवणाऱ्या कंपनीची, गाडीच्या कंपनीची नव्हे. घूं टायरची निघाली तर दावा टायरवाल्याकडे जातो, आणि तिथे झिजेचं माप बघून पैसे कापले जातात.

बेअरिंग सहसा वॉरंटीत येतं. मात्र आपटून झालेलं नुकसान आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक पुस्तिकांत वगळलेलं असतं. शिवाय एक वाक्य जवळपास सगळीकडे सापडतं, गाडीच्या गुणवत्तेवर परिणाम न करणारा आवाज किंवा थरथर वॉरंटीत धरली जाणार नाही अशा अर्थाचं. काउंटरवरचं “हा नॉर्मल आहे” इथून येतं. त्याला उत्तर एकच, आवाज एकाच बाजूचा आहे, वळणावर बदलतो, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत येत नाही.

तारीख मात्र जिवापाड जपा. वॉरंटी संपायला आठवडा उरला असेल तरी आवाज नोंदवून ठेवा. दोष वॉरंटीत सुरू झाला हे जुन्या जॉब कार्डावरून (गाडी टाकताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावरून) सिद्ध होतं, आठवणीवरून होत नाही. आणि कंपनीच्या वेबसाइटवर चासिस नंबर टाकून आपल्या गाडीवर रिकॉल निघालाय का, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती परत बोलावलीय का, तेही एकदा बघा.

काउंटरवर

आता माझी पहिली फेरी सांगतो. पंक्चरच्या दुकानाबाहेर टायर टांगलेला असतो आणि शेजारी कन्नडमध्ये पाटी असते, ‘गाळि’. लहानपणापासून माझी समजूत, गाळि म्हणजे चाक. काउंटरवरचा पोरगा बैलहोंगलकडचा, मराठी बेताचंच. म्हटलं त्याच्या भाषेत सांगू या. मोठ्या ऐटीत म्हणालो, “गाळि सौंड बरतैति.” त्याने इमानेइतबारे लिहून घेतलं. संध्याकाळी गाडी मिळाली, चारही दारांची रबरं पुसून, त्यांना सिलिकॉन लावून. दारं अशी मऊ लागत होती की बघत राहावं. गिरणी चालूच. घरी येऊन जॉब कार्ड वाचलं, तक्रारीच्या रकान्यात लिहिलेलं, ‘वाऱ्याचा आवाज’. कन्नडमध्ये गाळि म्हणजे हवा, वारा. चाक म्हणजे गालि. ल आणि ळ दोन्ही जन्मापासून तोंडात असलेल्या मराठी माणसाने इथे चुकावं!

चूक त्याची नव्हती. सही करताना मी कागद वाचला नाही. म्हणून, कुठल्याही भाषेत बोला, पण सही करण्याआधी तक्रारीचा रकाना त्याला मोठ्याने वाचायला लावा. आपली पाच वाक्यं त्यात जशीच्या तशी घाला म्हणा. ‘आवाज तपासणे’ एवढ्यावर सही करू नका. मीटरचा आकडा आणि तारीख आहे का ते बघा, आणि प्रत मागून घ्या.

दुसऱ्या फेरीत कागद बरोबर होता, पण त्यांनी गाडी उद्यमबागेच्या गर्दीत तीसच्या वेगाने फिरवून आणली. पन्नासच्या वर येणारा आवाज तीसला कसा येणार? म्हणून रोड टेस्टला स्वतः बसा आणि काउंटरवरच्या अॅडव्हायझरऐवजी टेक्निशियन किंवा सुपरवायझर मागा. सकाळी नऊला सगळं शहर गाडी टाकायला आलेलं असतं. दुपारी तीनच्या सुमाराची वेळ आधी फोन करून ठरवली तर माणूस मोकळा मिळतो. आपण ठरवलेल्या रस्त्यावर न्या, आपण ठरवलेल्या वेगाला. चालवू त्यांनाच द्या, आपण फक्त म्हणायचं, “आता सत्तर ठेवा. आता बघा, वळण आलं.” आणि गप्प बसायचं. तिसऱ्या फेरीत त्या सुपरवायझरने वंटमुरीच्या दुसऱ्याच वळणावर मान तिरकी केली. “होय की ओ,” म्हणाला. सात आठवडे मी या तीन शब्दांची वाट बघत होतो.

त्याआधी दुसऱ्या फेरीत एक शहाणपणा झाला होता, तो मात्र त्यांचाच. “टायर असतील सर” म्हणून त्यांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून दिले. मला तेव्हा टोलवाटोलवी वाटली. पण ही खरी परीक्षा आहे, आणि ती मागून करून घ्या. पुढचा आवाज मागे गेला किंवा पालटला तर दोष टायरचा. जागच्या जागी राहिला तर टायर सुटला. आमचा जागीच राहिला, आणि तिसऱ्या जॉब कार्डावर तेच सहावं वाक्य झालं.

लिफ्टवर गाडी घेतल्यावर टेक्निशियनने काय केलं ते बघण्यासारखं होतं. इंजिन चालू, गिअर टाकलेला, पुढची चाकं हवेत फिरताहेत, आणि हा स्टेथोस्कोपची दांडी आधी डाव्या नकलला (हब ज्यात बसतं त्या लोखंडी भागाला), मग उजव्या नकलला टेकवतोय. मग त्याने चाक हाताने हळू फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवली. मलाही ठेवायला लावली. डावीकडे स्प्रिंग मुकी. उजवीकडे बोटांखाली बारीक कुरकुर, जात्यात चार दाणे उरल्यावर लागते तशी.

प्रश्न येणारच, “खड्ड्यात आपटली काय, सर?” खोटं बोलू नका, आणि माहीत नसलेलं कबूलही करू नका. मी म्हटलं, जांबोटीचा रस्ता आहे, खड्डे सगळ्यांनाच आहेत. रिम बघा, टायर बघा, मार दिसतोय का सांगा. रिमला पोचा नव्हता, तसं त्यांनी लिहिलंही. जोराच्या धक्क्याने बेअरिंगच्या आतल्या वाटेवर बारक्या खळ्या पडतात आणि गोळ्या त्यांवरून घरंगळताना गुणगुणतात, हे खरं. म्हणूनच रिम आणि टायर धड आहेत याची नोंद आपल्या बाजूला उभी राहते.

काही सापडलं नाही तर ‘दोष आढळला नाही’ हे लिहून घ्या, तोंडी ऐकून येऊ नका. तोही कागदच आहे. त्या संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन ओळींचा ईमेल टाका, जॉब कार्डाचा नंबर, तारीख, मीटर, आवाज कायम.

सीमेवर राहण्याचा एक फायदा

वॉरंटी कंपनीची असते, शोरूमची नव्हे. गाडी कोल्हापुरात घेतली तरी बेळगावच्या अधिकृत सेंटरला ती बघावी लागते, आणि बेळगावची गाडी कोल्हापूर किंवा हुबळीत चालते. नंबर कर्नाटकाचा केए २२ आहे की महाराष्ट्राचा एमएच ०९, याचा वॉरंटीशी संबंध नाही. एका ठिकाणी दोनदा नकार मिळाला तर दुसऱ्या शहरातलं सेंटर गाठा. चासिस नंबर टाकला की जुन्या नोंदी बहुधा त्यांना दिसतात, तरी आपले कागद बरोबर न्या. आपल्याकडे दोन राज्यांतली तीन शहरं दोन तासांच्या आत आहेत, पुण्या-मुंबईवाल्याला एवढी सोय नाही. (एमएचची गाडी बारा महिन्यांहून जास्त इकडे ठेवली तर नंबर बदलून घ्यावा लागतो, ती डोकेदुखी निराळी.)

तरीही हललं नाही तर

ग्राहक सेवेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि कंपनीचा स्वतःचा इंजिनिअर सेंटरला कधी येतो ते विचारून त्या दिवशी गाडी दाखवायची मागणी करा. बहुतेक आवाज इथे सुटतात, कारण बेअरिंग ही काही इंजिन नव्हे, खर्च त्यांना झेपतो.

त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. आणि अगदी शेवटी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, आपण राहतो तिथे तक्रार करता येते. गाडी कोल्हापुरात घेतलेली असली तरी खानापूरचा माणूस बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. पण उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि एका बेअरिंगसाठी “नवीन गाडीच द्या” म्हणून गेलात तर हाती काही लागायचं नाही. भाग बदलून द्या, झालेला खर्च द्या, एवढंच मागा.

बदलल्यावर

जुनं बेअरिंग बघायला मागा. वॉरंटीतला भाग ते परत घेतात, घरी देत नाहीत, पण हातात देतात. मी बोटाने फिरवून बघितलं. नवं लोण्यासारखं फिरतं, हे अडखळत होतं. नंतर तीच कृती, तोच रस्ता, तेच वेग, तोच कान मागच्या सीटवर. सत्तरला, डाव्या वळणावर, शांत. शंभर किलोमीटरनी नट पुन्हा तपासून घेतले.

बिल शून्य रुपयांचं होतं, म्हणून काउंटरवर देतच नव्हते. “कशाला सर, पैसे नाहीतच की.” मागून घेतलं. त्यात भागाचा नंबर आहे, तारीख आहे, मीटरवरचे अठरा हजार सहाशे आहेत, आणि तक्रारीच्या रकान्यात माझी सहा वाक्यं आहेत. बदललेल्या भागाची वॉरंटी बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटीच्या उरलेल्या काळापुरतीच धरतात, आणि आमची संपायला अजून दहा महिने आहेत. डावं बेअरिंग अजून तरी शांत आहे.